उष्णता गमावून तापणारे तारे

२०२० च्या फेब्रुवारीत गच्चीवरून मृग नक्षत्र पाहत होतो. हरणाच्या चार पायांपैकी तांबूस पाय म्हणजे काक्षी तारा. एरवी तो शेजारच्या बेलाट्रिक्सपेक्षा उघड ठळक दिसतो. त्या रात्री मात्र दोघांत डावं-उजवं करणं कठीण होतं. काक्षीचं तेज जवळपास दोन तृतीयांशाने घटलं होतं. वाहिन्यांवर ‘महास्फोट कधीही!’ सुरू झालं आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर ‘आर्द्रा मलूल, जगावर संकट’ हा मजकूर आला. (काक्षीलाच आपल्याकडे आर्द्रा म्हणतात.) महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि तो मजकूर पाठवणाऱ्या काकांचा भाव काय वधारला! पुढे ताऱ्याचं तेज परत आलं, त्यावर काका गप्प. ताऱ्याने स्वतःच बाहेर फेकलेला वायू गार होऊन त्याची धूळ झाली आणि ती आडवी आली, एवढाच मामला होता. तोही बहमनी काळातला, कारण तिथून प्रकाश इथवर यायला पाच-सातशे वर्षं लागतात.

काक्षी एक दिवस फुटणार हे मात्र खरं, जरी त्याला लाखभर वर्षं लागली तरी. पण का फुटणार? ‘इंधन संपलं की तारा विझतो’ असं आपण शाळेपासून धरून चालतो. दिवा तेल संपल्यावर विझतो, तसं. तारा नेमका उलट वागतो.

गॅस बंद केल्यावर कुकर आणखी तापू लागला तर? ताऱ्याचं तसंच आहे. तो वायूचा प्रचंड गोळा. स्वतःचं वजन त्याला आत दाबतं, गरम वायूचा दाब बाहेर ढकलतो. प्रकाशाच्या रूपाने उष्णता निसटली की दाब किंचित कमी पडतो आणि गोळा आक्रसतो. आक्रसताना आतलं द्रव्य खाली पडतं, पडताना कणांचा वेग वाढतो, आणि कणांचा वेग म्हणजेच तापमान. हिशेब असा: आक्रसताना गुरुत्वाकर्षण दोन रुपये हातावर ठेवतं, त्यातला एक प्रकाशात खर्च होतो, एक खिशात राहतो. खर्च करणारा श्रीमंत होत जातो! भौतिकशास्त्रात याला विरियल प्रमेय म्हणतात. खोटं वाटत असेल तर कृत्रिम उपग्रह पाहा. विरळ हवेच्या घर्षणाने तो ऊर्जा गमावतो, खालच्या कक्षेत येतो, आणि तिथे आधीपेक्षा जास्त वेगाने फिरतो.

गार ढगातून तारा जन्मतो तो याच हिशेबाने. आक्रसत, तापत गाभा कोटभर अंशांपर्यंत गेला की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं. आणि गंमत म्हणजे, हे केंद्रमीलन ताऱ्याला तापवत नाही, तापण्यापासून थोपवतं! गेलेली उष्णता आतून भरून निघते, म्हणून आक्रसायची वेळ येत नाही. केंद्रमीलन जरा वाढलं तर गाभा फुगतो, गार होतो आणि वेग आपोआप उतरतो. म्हणूनच सूर्य ४६० कोटी वर्षांत हायड्रोजन बॉम्बसारखा एकदम उडालेला नाही.

हायड्रोजन संपला की पुन्हा आक्रसणं, पुन्हा तापणं, मग हेलियमची पाळी. सूर्याच्या पंचवीसपट वजनाच्या ताऱ्यात हायड्रोजन सुमारे ७० लाख वर्षं पुरतो, हेलियम ७ लाख, कार्बन जेमतेम ६०० आणि सिलिकॉन एक दिवस. एवढी घाई का? कार्बनपासून पुढे गाभा इतका तापतो की ऊर्जा न्यूट्रिनोंच्या, म्हणजे कशालाही सहसा न अडणाऱ्या अतिसूक्ष्म कणांच्या, रूपाने निसटू लागते. प्रकाशाला बाहेर पडायला हजारो वर्षं धडपडावं लागतं, न्यूट्रिनो सरळ निघून जातात. खर्च अफाट, म्हणून इंधनही झपाट्याने संपतं. शेवटी उरतं लोखंड, आणि त्याच्या मीलनातून एक पैचाही नफा नाही.

हे रहाटगाडगं थांबवू शकतात फक्त इलेक्ट्रॉन. ते फार दाटले की पुंजभौतिकीचे (क्वांटमचे) नियम आडवे येतात आणि तापमानावर अवलंबून नसलेला दाब तयार होतो. सूर्याचा गाभा शेवटी असाच श्वेतबटू, म्हणजे इंधन संपलेला लहान, दाट गोळा, होईल आणि मग खरोखर गार होत जाईल. पण या आधारालाही मर्यादा आहे. १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने निघालेल्या १९ वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या भौतिकशास्त्रज्ञाने तो हिशेब प्रवासातच सुरू केला होता. मर्यादा निघाली सूर्याच्या वजनाच्या सुमारे १.४ पट. लोखंडी गाभा तिच्यापलीकडे गेला की पृथ्वीएवढा गोळा सेकंदाच्या आत काही दहा किलोमीटरांपर्यंत कोसळतो, आणि त्याच्या धक्क्याने ताऱ्याचे बाहेरचे थर उडतात. हाच तो महास्फोट.

१९८७ च्या फेब्रुवारीत शेजारच्या दीर्घिकेत असाच एक तारा कोसळला, तेव्हा जपानच्या खाणीतल्या पाण्याच्या टाकीने ११ न्यूट्रिनो टिपले, प्रकाश पोचण्याच्या काही तास आधी. काक्षीचीही पहिली वर्दी अशाच टाक्यांना मिळेल. काकांना नंतर कळेल.