मृदा-भूजलाधारित शहरी जागारचना

शहरातील बागा, मैदाने, चौक आणि रस्त्याकडेच्या पट्ट्या तिथली माती, खडक व भूजलपातळी पाहून आखण्याची पद्धत. अतिवृष्टीचे पाणी थोपवणे, जमेल तेवढे मुरवणे आणि उन्हाळ्यात झाडांना ओल पुरवणे, ही तिची कामे. रॉटरडॅमचा बेंथेमप्लाइन चौक (२०१३) सुमारे १७ लाख लिटर पाणी धरतो. चीनने २०१५ साली १६ शहरांत पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून धरणारी ‘स्पंज शहर’ योजना सुरू केली. पुण्यासारख्या दख्खनी शहरात मात्र हे नमुने जसेच्या तसे चालत नाहीत, कारण इथे खाली बेसॉल्ट, म्हणजे कठीण काळा पाषाण आहे.

बेसॉल्टमध्ये पाणी राहते ते मुरमात आणि भेगांत. उपसता येईल असे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण १ ते ३ टक्केच. २ टक्के धरले, तर १०० मिमी पाणी मुरताच विहिरीची पातळी ५ मीटर वर येते. त्यामुळे उथळ जलधर (पाणी साठवणारा खडकाचा थर) भाद्रपदाच्या सुमारास अनेक ठिकाणी तुडुंब असतो आणि पुढचे पाणी जमीन घेत नाही. पुण्याच्या आंबिल ओढ्याला जीवघेणा पूर आला तो २५ सप्टेंबर २०१९ रोजी, पावसाळा सरताना. म्हणून नुसत्या शोषखड्ड्यांवर भिस्त ठेवू नये. पाणी काही तास उघड्यावर थांबेल अशी सखल जागा आणि ओढ्याकडे जाणारी सांडवाट हवीच.

पहिले काम चाचणीखड्ड्याचे. दीड-दोन मीटर खोदले की काळी माती किती, मुरूम कुठे, पाषाण कधी लागतो हे दिसते. आसपासच्या विहिरींची ऑक्टोबरमधली पातळी पाहावी, मे महिन्यातली नव्हे. पाणी मुरवण्यासाठी केलेल्या सखल वाफ्याचा तळ त्या पातळीच्या किमान १ मीटर वर असावा. पाझराची चाचणीही उन्हाळ्यात फसवते. भेगाळलेली काळी माती पाणी घटाघटा पिते, मग फुगते आणि भेगा मिटतात. म्हणून खड्डा २४ तास भिजत ठेवून मगच मोजावे. पाणी मुरण्याचा वेग तासाला १२ मिमीपेक्षा कमी असेल, तर माती बदलावी किंवा तळाला निचऱ्याचा छिद्रपाइप घालावा.

आकारमानाचे गणित सोपे आहे. १,००० चौ.मी. फरसबंदीवर २५ मिमी पाऊस पडला, तर पडलेल्या २५,००० लिटरपैकी सुमारे २१,००० लिटर पाणी वाहून येते. वाफ्यात मातीवर १५ सेंमी पाणी साचेल असे धरल्यास १४० चौ.मी. जागा लागते. तळाशी ३० सेंमी खडी, तिच्यावर १० सेंमी बारीक खडी, मग ४५ ते ६० सेंमी मिश्रण: निम्म्याहून जास्त वाळू, बाकी पोयटा आणि थोडे कंपोस्ट. काठावर करंज, जांभूळ, अर्जुन. वाफ्यात वाळा आणि कर्दळ. हिरवळीचा हट्ट सोडलेला बरा.

बिघाड बहुतेक वेळा बांधकामातच होतो. जेसीबी आणि खडीचे डंपर नेमके त्याच जागेवर फिरतात, माती दबते आणि मग वाळूचे मिश्रण टाकूनही तळ पाणी सोडत नाही. ती जागा पहिल्या दिवसापासून पत्र्यांनी बंद करावी. दुसरी चूक पातळीची: वाफा रस्त्यापेक्षा उंच राहतो आणि पाणी शेजारून वाहून जाते. कर्बमधली (रस्त्याकडेच्या उंच दगडी कडेतली) पाणी आत घेणारी फट ३० ते ४५ सेंमी रुंद ठेवावी, आतला तळ रस्त्याहून ५ सेंमी खाली असावा, नाहीतर पहिल्याच पालापाचोळ्याने तोंड बुजते. फटीपाशी गाळ अडवणारी छोटी कुंडी ठेवून ती पावसाळ्याआधी आणि पहिल्या मोठ्या सरीनंतर उपसावी. पाणी ४८ तासांत ओसरले, तर डासांची पैदास पुरी होत नाही.

रस्त्याचे पाणी थेट बोअरवेलमध्ये सोडणे हा सर्रास दिसणारा आणि सर्वांत घातक शॉर्टकट आहे. तेल, मैला आणि जंतू मातीच्या गाळणीला वळसा घालून सरळ खोल जलधरात उतरतात आणि तिथून ते काढणे जवळपास अशक्य असते.