बाथचे ऊन पाणी आणि शिशाचा लकवा

इंग्लंडमधील बाथ शहरात सुमारे ४६ अंश सेल्सियस तापमानाचा एक झरा रोज अकरा लाख लिटरहून अधिक पाणी वर आणतो. हे पाणी म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस, जो चुनखडीतून काही किलोमीटर खोल झिरपला, भूगर्भातील उष्णतेने तापला आणि खडकातील भेगेतून क्षार घेऊन वर आला. येथील मूळच्या देवतेला, सुलिसला, रोमनांनी आपल्या मिनर्व्हाशी जोडले आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात देऊळ व स्नानगृहे बांधली. चोरांना शाप देणारे, शिसेमिश्रित धातूच्या पत्र्यांवर कोरलेले सुमारे १३० लेख या झऱ्यात सापडले आहेत.

शिशाशी या झऱ्याचे नाते पुढे अधिकच गहिरे झाले. १७४२ मध्ये येथे गरिबांसाठी रुग्णालय सुरू झाले आणि तेथे लकव्याचे अनेक रुग्ण येऊ लागले. त्यांपैकी बऱ्याच जणांचा लकवा शिशाच्या विषबाधेचा होता: कोणी रंगारी, कोणी नळकाम करणारे, तर कोणी शिसे उतरलेले सफरचंदाचे मद्य पिणारे. या मद्यातील शिशाचा दोष इंग्रज वैद्य जॉर्ज बेकर यांनी १७६७ मध्ये दाखवून दिला. अनेक आठवडे स्नान घेतल्यावर यांतील कित्येकांच्या हातापायांत बळ परतत असे. श्रेय अर्थातच क्षारांना मिळाले. विसाव्या शतकाच्या आरंभी पाण्यात रेडॉन हा किरणोत्सारी वायू आढळल्यावर तर किरणोत्साराचीही जाहिरात झाली, जी आज वाचताना अंगावर काटा येतो.

खरे कारण बहुधा पाण्याच्या दाबात आहे. मनुष्य गळ्यापर्यंत पाण्यात बसला की पायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयाचे कप्पे ताणले जातात, शरीरात द्रव जास्त झाल्याचा संकेत मूत्रपिंडांना मिळतो आणि लघवी वाढते. १९८०च्या दशकात शिशाच्या उद्योगातील कामगारांवर झालेल्या प्रयोगांत अशा वेळी लघवीवाटे शिसेही अधिक बाहेर पडताना दिसले. हा परिणाम साध्या पाण्यातही होतो. फक्त साध्या पाण्यात रोज तासन्‌तास बसायला कोण तयार होणार?

१९७८ मध्ये या पाण्यातील अमीबाच्या संसर्गाने एका मुलीचा मृत्यू झाल्यावर स्नान थांबवण्यात आले. त्यानंतर नवी, खोल कूपनलिका खोदून शुद्ध पाणी मिळवले गेले आणि २००६ मध्ये नवे स्नानगृह उघडले. रोमन काळातील मोठ्या कुंडाच्या तळाशी मात्र शिशाचे ४५ पत्रे अजून आहेत, आणि त्यातील पाण्याला पर्यटकांनी हात लावायचा नसतो.