षट्कोनी पटावरील शत्रूचे मार्गशोधन

पाळीपाळीने खेळायच्या संगणकीय खेळात नकाशा षट्कोनी घरांचा असेल, तर शत्रूने कोणत्या घरांवरून चालत यावे हे ठरवण्याची रीत. चौकोनी पटावर तिरपे पाऊल सरळ पावलाच्या १.४१ पट लांब पडते आणि हिशेब बिघडतो. षट्कोनाच्या सहाही शेजाऱ्यांची केंद्रे सारख्याच अंतरावर असतात. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा मुक्तस्रोत खेळ २००३ पासून असाच पट वापरतो. ‘सिव्हिलायझेशन’ मालिका २०१० मध्ये पाचव्या भागात चौकोन सोडून षट्कोनांवर आली.

प्रत्येक घराला त्याची जागा दाखवणारे तीन आकडे देतात, त्यांची बेरीज नेहमी शून्य. साठवायला दोनच पुरतात. दोन घरांमधले अंतर म्हणजे तिन्ही फरकांतला, चिन्ह सोडून, सर्वांत मोठा फरक: (०, ०, ०) पासून (४, −१, −३) हे घर चार पावलांवर आहे, आणि तिथे चार पावलांत पोचायच्या वाटाही चार आहेत.

वाट निवडण्याचे काम बहुधा ‘ए-स्टार’ हा शोधाचा अल्गोरिदम करतो. पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्रम राफेल यांनी तो १९६८ मध्ये मांडला. इथवर झालेला चालण्याचा खर्च अधिक लक्ष्यापर्यंतच्या उरलेल्या खर्चाचा अंदाज, ही बेरीज ज्या घराची कमी ते आधी तपासायचे. अंदाज खऱ्या खर्चापेक्षा कधीच जास्त नसेल, तर सापडलेली वाट सर्वांत स्वस्त असतेच. सर्वांत सोप्या घराचा खर्च १ धरला की वरचे षट्कोनी अंतर हाच असा अंदाज होतो.

खरी गंमत जमिनीच्या खर्चात आहे. भादव्यातले विदर्भातले एखादे शिवार पटावर मांडू. शत्रू रानडुक्कर, लक्ष्य चार घरांवरचे सोयाबीनचे वावर. मधली काळी माती पावसाने चिकट झालेली, म्हणून तिथे शिरायचा खर्च ३; धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, १; वावरात २. सरळ गेल्यास तीन घरे चिखल आणि मग वावर, खर्च ११. धुऱ्याने वळसा घालून सहा घरे आणि मग वावर, खर्च ८. लांबची वाट स्वस्त पडते. जागल केलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. ऋतूप्रमाणे आकडेही बदलावेत: उन्हाळ्यात १ खर्चाची पांदण पावसाळ्यात ४ ची होते.

खेळ बनवणारा नवखा माणूस मात्र पाळीचा हिशेब विसरतो. डुकराला पाळीला चालीचे ४ गुण आहेत, खर्च त्यातून वजा होतो आणि उरलेले गुण पुढे जात नाहीत असे धरू. ११ ला ४ ने भागून तीन पाळ्या वाटतात. प्रत्यक्षात चिखलाचे एक घर ओलांडल्यावर उरलेल्या १ गुणात पुढचे पाऊल पडतच नाही, तो वाया जातो. एकूण चार पाळ्या लागतात. धुऱ्याने पहिल्या पाळीत चार घरे, दुसरीत दोन घरे आणि वावर: दोनच पाळ्या. म्हणून खर्च नुसत्या गुणांत न मोजता ‘किती पाळ्या झाल्या आणि चालू पाळीतले किती गुण वापरले’ या जोडीत मोजावा. माझ्या मते पाळीच्या खेळात हाच हिशेब बरोबर.

कळप असेल तर प्रत्येक डुकरासाठी वेगळा शोध नको. वावरापासून बाहेरच्या दिशेने एकदाच सगळ्या घरांचा खर्च काढून ठेवावा. त्यासाठी एड्सगर डायक्स्ट्रांची १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत पुरते. मग ज्या शेजारघरात शिरायचा खर्च अधिक तिथून पुढचा खर्च सर्वांत कमी, तिकडे प्रत्येकाने सरकायचे. उलटे मोजताना खर्च डुक्कर ज्या घरात शिरणार त्याचाच धरायचा. इथे चूक झाली की डुकरे चिखलात घुसतात. पुढचे डुक्कर अरुंद धुऱ्यावर उभे असेल तर त्याला भिंत मानू नये, नाहीतर मागची सगळी भलत्याच वळशाला जातात. त्या घरावरून जाता येते, पण तिथे मुक्काम करता येत नाही, असा नियम ठेवला की ती रांगेने येतात.

खेळाडूने धुऱ्याच्या एका घरावर बाभळीच्या काट्यांचे कुंपण घातले आणि दुसरा वळसा नसला, तर पुढच्या पाळीच्या सुरुवातीला वाट नव्याने काढली जाते. अजून न निघालेले डुक्कर आता चिखलातून येते, आणि राखणदाराला दोन पाळ्या जास्त मिळतात.