कापडाचं जंगल, धाग्याचं पाणी: तुमची आर्ट क्विल्ट कशी घडते, कशी जपायची

आर्ट क्विल्ट म्हणजे तुमच्या फोटोवरून कापडाचे तुकडे आणि धाग्याच्या टिपांनी घडवलेलं, भिंतीवर टांगायचं चित्र. ती हातात पडल्यावर ग्राहक बहुतेक तीन गोष्टी विचारतात. हे रंगवलंय का? धुता येईल का? आणि एवढा वेळ कशात जातो? तिन्हींची उत्तरं एका ठिकाणी असावीत म्हणून हे पत्रक. ऑर्डर देण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

फोटो आला की आधी रंग काढतो

तुमचा फोटो आम्ही पहिल्यांदा कृष्णधवल करून बघतो. झाड हिरवं आहे हे कुणीही सांगेल. त्यात उजेड कुठे आणि सावली कुठे, यावर चित्र उभं राहतं. गडद-फिकटाची उतरंड बरोबर जमली की निळ्या खोडाचं झाडसुद्धा खरं वाटतं. ती चुकली तर अस्सल पानांच्या रंगाचं कापड वापरूनही चित्र सपाट दिसतं.

मग कापडं निवडायची. लांबचे डोंगर फिकट आणि निळसर, जवळचं गवत गडद आणि उबदार रंगाचं. धुकं हवं असेल तर छापील कापड उलटं लावतो, कारण उलट्या बाजूला छपाई पुसट असते. बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, आम्हाला विशेष आवडतं: वीण घट्ट असल्यामुळे दशा कमी निघतात आणि रंग दोन्ही बाजूंनी सारखा मुरलेला असतो. पाण्याखालचे दगड दाखवायचे तर आधी दगड साध्या सुती कापडाचे लावतो आणि त्यांवर ऑर्गंझाचा (पारदर्शक, तलम कृत्रिम कापडाचा) एक पातळ थर टाकतो. सावलीसाठी काळी जाळी. लांबून ती दिसतही नाही, पण खालचा रंग एक छटा खाली उतरतो.

हे तुकडे काठ न दुमडता, फ्युजिंगनं, म्हणजे इस्त्रीच्या उष्णतेनं चिकटणाऱ्या पातळ थरानं, बसवतो. पाकळीच्या कडेला बारीक दशा दिसल्या तर तो शिवणीतला दोष समजू नका, ती कड मुद्दाम तशी ठेवलेली असते. एखादा धागा लोंबलाच तर कात्रीनं कापा, ओढू नका.

तीन थर आणि टीप

वर चित्र, मध्ये भरण, मागे अस्तर. सुती भरण सपाट बसतं, म्हणून निसर्गदृश्यांना आम्ही तेच घालतो. खोड किंवा दगड उठून दिसायला हवा असेल तर तेवढ्याच भागाखाली लोकरीचा जादा तुकडा ठेवतो.

खरं काम यापुढे सुरू होतं. साध्या शिवणीत मशीनचे दाते कापड पुढे सरकवतात. इथे दाते खाली घेतो, उड्या मारणारं फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) लावतो आणि कापड दोन्ही हातांनी हवं तसं फिरवतो. त्यामुळे टाका केवढा पडेल हे हाताचा आणि मशीनचा वेग मिळून ठरवतात. हात अडखळला की धाग्याची गाठ, हात पळाला की लांबलचक टाका. सुई ९० नंबरची, मोठ्या नेढ्याची, कारण जरीसारखा धागा बारीक नेढ्यात घासून तुटतो. वरच्या धाग्याचा ताण सैल ठेवतो, बॉबिनला बारीक धागा.

सालीसाठी टिपा उभ्या आणि वेड्यावाकड्या. पानावर आधी मधली शीर, मग तिला फुटणाऱ्या उपशिरा, आणि एका अंगाला गडद धागा, म्हणजे पान वळल्यासारखं दिसतं. पाण्याच्या टिपा मात्र काटेकोर आडव्या घालाव्या लागतात. दोन-चार जरी तिरक्या गेल्या तरी तळं उतारावर असल्यासारखं वाटतं, आणि मग उसवण्याशिवाय इलाज नाही.

दाट टिपांमुळे कापड आकसतं. म्हणून आम्ही मापापेक्षा मोठं सुरू करतो, शेवटी ओलसर करून, टाचण्यांनी ताणून वाळवतो आणि मगच कडा सरळ कापतो. तरीही ठरलेल्या मापात थोडा फरक राहू शकतो. क्विल्ट एखाद्या कोनाड्यात नेमकी बसवायची असेल तर तसं आधी सांगा.

घरी आणल्यावर

मागे वरच्या बाजूला कापडाची नळी शिवलेली असते. तिच्यात दांडी घालून क्विल्ट टांगा. कोपऱ्यांत खिळे ठोकू नका. थेट ऊन आणि ओल येणारी भिंत टाळा. आम्ही रेयॉनऐवजी पॉलिस्टरचा धागा वापरतो, तो उन्हात जास्त टिकतो, पण सुती कापडाचा रंग उडायचा तो उडतोच. काचेत बसवणार असाल तर काच कापडाला टेकू देऊ नका.

धुऊ नका, ड्रायक्लीनलाही देऊ नका. एकाच चित्रात वेगवेगळी कापडं असतात. काही आकसतात, काहींचा रंग सुटतो. धुळीसाठी व्हॅक्युम क्लीनरच्या तोंडावर जाळी बांधा आणि ओढ अगदी कमी ठेवून हलकेच फिरवा. समोरून इस्त्री तर अजिबात नको, ऑर्गंझा वितळतो.

काढून ठेवायची वेळ आली तर घडी न घालता, चित्र बाहेरच्या बाजूला ठेवून गुंडाळी करा आणि सुती कापडात बांधा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते.

कोणता फोटो पाठवाल?

सूर्यास्ताचे फोटो खूप येतात, पण आमच्या मते क्विल्टमध्ये तेच सगळ्यात कमी खुलतात. आकाशातली ती सलग मिसळण कापडाच्या तुकड्यांत पट्ट्यापट्ट्यांची होते. त्यापेक्षा गवताचे तुरे, शेवाळलेला दगड, पानगळीतली वाट, भूछत्रं पाठवा. तिथे धाग्याला करण्यासारखं पुष्कळ असतं. लहान आकारात पक्षी हवा असेल तर एकच, आणि तोही जवळून टिपलेला.

फोटो शक्यतो तुम्ही स्वतः काढलेला असावा. दुसऱ्याचा असेल तर त्याची लेखी परवानगी सोबत जोडा. तिच्याशिवाय आम्ही काम सुरू करत नाही.