दहा हजार पावलांचा आकडा आला कुठून?

शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती रात्री साडेदहालाही फेऱ्या मारणारे काका भेटतात. "अजून सहाशे राहिलीत!" काका, रोज दहा हजार पावलांचा हा आकडा डॉक्टरांचा नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं. नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. जाहिरातच ती!

२०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधक आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० पावलं टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांनंतर मात्र फायदा फारसा वाढला नाही. तरुणांना हेच आकडे जसेच्या तसे लावू नयेत. आणि हो, बोरिवलीपर्यंत लोकलमध्ये उभं राहणं यात धरत नाहीत.