'द क्रुसेड': दोन भाग दिसतात, दोन फक्त ऐकू येतात

'डॉक्टर हू' (टाइम मशीनमधून फिरणाऱ्या डॉक्टर नावाच्या माणसाची ब्रिटिश टीव्ही मालिका) मधली 'द क्रुसेड' ही कथा परत बघायला बसायचं म्हणजे अर्धा वेळ बघायचं आणि अर्धा वेळ नुसतं ऐकायचं. चार भागांची कथा, त्यातला पहिला आणि तिसरा भाग फिल्मवर आहे, दुसऱ्या आणि चौथ्याचा फक्त आवाज उरलाय. मी यावेळी चारही भाग एका बैठकीत, क्रमानी घेतले, आणि नंतर हे असं का झालं ते नीट लिहून काढावंसं वाटलं कारण बरेच जण फक्त उरलेले दोन भाग बघतात आणि मग म्हणतात कथा तुटक वाटते. तुटक नाहीये हो, दोन तुकडेच नाहीयेत.

थोडं मागे जाऊ. बीबीसीवर ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. सिडनी न्यूमनची कल्पना, व्हेरिटी लँबर्ट निर्माती, आणि पहिली कथा दिग्दर्शित केली वारिस हुसेननी, जे जन्मानी लखनौचे आणि तेव्हा वय फक्त २४. शनिवारी संध्याकाळी घरातली पोरं आणि मोठी माणसं एकत्र बसून बघतील असं काहीतरी हवं होतं आणि त्यातून थोडं शिक्षण पण व्हावं हा हेतू अगदी उघड होता. म्हणून डॉक्टरबरोबर जे दोन शिक्षक निघतात त्यातली बार्बरा इतिहास शिकवते आणि इयन विज्ञान. एक कथा भविष्यातली किंवा परग्रहावरची, पुढची भूतकाळातली, असा साधारण हिशोब. भूतकाळातल्या कथेत टाइम मशीन सोडलं तर सायन्स फिक्शन काहीच नाही, राक्षस नाही, किरणं नाहीत, फक्त माणसं आणि त्यांचा काळ. चाहते याला प्युअर हिस्टॉरिकल म्हणतात.

पण डिसेंबर १९६३ मध्ये डॅलेक (परग्रहावरचे, चिलखती यंत्रात बसलेले खलनायक) आले आणि सगळं गणित बदललं. पोरांना डॅलेक हवे होते. ऐतिहासिक कथा चालू राहिल्या पण हळूहळू त्या 'मधल्या' कथा झाल्या, आणि 'द हायलँडर्स' (डिसेंबर १९६६ ते जानेवारी १९६७) नंतर तर बंदच पडल्या, पुढची थेट १९८२ मध्ये आली. आता यातल्या किती टिकल्या ते बघा. 'मार्को पोलो' सातही भाग गेले. 'द मिथ मेकर्स', 'द मॅसॅकर', 'द स्मगलर्स', 'द हायलँडर्स' या सगळ्या पूर्ण गेल्या. 'द रेन ऑफ टेरर' सहातले चार उरले. 'द क्रुसेड' चारातले दोन. पूर्ण हातात आहेत त्या 'द ॲझटेक्स', 'द रोमन्स' आणि 'द गनफायटर्स', बस्स. म्हणून या प्रकाराला कंटाळवाणा म्हणणारे भेटतात तेव्हा मला मनापासून वाटतं की अरे तुम्ही बघितलंयच किती, बघायला शिल्लकच किती आहे.

'द क्रुसेड' २७ मार्च ते १७ एप्रिल १९६५ या चार शनिवारी दाखवली गेली. लिहिली डेव्हिड व्हिटेकरनी, जो मालिकेचा पहिला स्क्रिप्ट एडिटर, आणि दिग्दर्शक डग्लस कॅमफिल्ड. पहिल्या भागाला एक कोटीच्या वर प्रेक्षक होते. काळ ११९१, जागा पॅलेस्टाइनमधल्या जाफाजवळचं जंगल, ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यातलं तिसरं धर्मयुद्ध चालू. इंग्लंडचा रिचर्ड राजा (ज्युलियन ग्लोव्हर) शिकारीला बाहेर पडलाय आणि मुस्लिम सुलतान सलादीनचे लोक टपून बसलेत, त्या गडबडीत बार्बरा पकडली जाते, आणि राजाचा एक सरदार विल्यम दे प्रेओ राजाला वाचवायला ओरडून सांगतो की मीच रिचर्ड आहे.

इथेच व्हिटेकरचा अभ्यास दिसतो कारण हे खरंच घडलेलं आहे. ११९१ च्या सप्टेंबरात जाफाजवळ रिचर्डवर असा छापा पडला होता आणि विल्यम दे प्रेओनी स्वतःला राजा म्हणवून घेतलं आणि तो कैद झाला. पुढच्या वर्षी पॅलेस्टाइन सोडताना रिचर्डनी त्याच्या बदल्यात दहा कैदी सरदार देऊन त्याला सोडवला. व्हिटेकरनी कल्पनेची भर एवढीच घातली की त्या झटापटीत एक लंडनची शाळामास्तरीण सापडली, आणि दे प्रेओ तिलाच राजाची बहीण जोॲना म्हणून पुढे करतो. पहिल्या भागात सलादीनला हे सोंग कळतं तेव्हा तो चिडत नाही, हसतो, आणि तिला म्हणतो रात्री गोष्टी सांग, आवडल्या तर राहशील. अरेबियन नाइट्समधल्या शहरजादसारखं. बर्नार्ड केनी सलादीन इतका थंड आणि हुशार केलाय की रिचर्ड त्याच्यापुढे चिडका पोरगा वाटतो, आणि १९६५ च्या ब्रिटिश टीव्हीवर धर्मयुद्धाची गोष्ट सांगताना शहाणपण सलादीनच्या पारड्यात टाकणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता एक बोचणारी गोष्ट पण सांगायलाच हवी. सलादीन, त्याचा भाऊ, खलनायक एल अकीर, हे सगळे गोरे नट आहेत, चेहऱ्याला काळपट रंग लावलेले. तेव्हाच्या ब्रिटिश टीव्हीत हे सर्रास चालायचं हे खरं, पण आज बघताना ते डोळ्याला लागतं आणि लागायलाच हवं. लिखाणातला आदर आणि तोंडाला फासलेला रंग, दोन्ही एकाच फ्रेममध्ये दिसतात.

कथेचा गाभा म्हणजे लग्नाचा प्रस्ताव. रिचर्ड युद्धाला कंटाळलाय आणि त्याला सुचतं की आपली विधवा बहीण जोॲना सलादीनच्या भावाला, सफादिनला द्यावी म्हणजे तह होईल. हे पण इतिहासात आहे. सलादीनच्या पदरी असलेल्या बहाउद्दीन इब्न शद्दादनी स्वतः लिहून ठेवलंय की ऑक्टोबर ११९१ मध्ये असा निरोप आला, सलादीननी लगेच होकार दिला कारण त्याची खात्री होती की रिचर्ड हे पूर्ण करणार नाही, आणि झालंही तसंच, जोॲनानी साफ नकार दिला. मालिकेत हा नकार तिसऱ्या भागात आहे, म्हणजे वाचलेल्या भागात, आणि आपलं नशीब की तो वाचला. जोॲना झालेली जीन मार्श आणि ग्लोव्हर समोरासमोर, तिला न विचारता तिचा सौदा केलाय हे तिला कळलंय, ती पोपचं नाव काढते, भाऊ आवाज चढवतो, ती त्याच्या वर चढवते. संवाद जवळजवळ छंदात लिहिलेत, शेक्सपियरच्या नाटकातल्यासारखे, आणि दोघं ते रंगभूमीवरच्या ताकदीनी म्हणतात. शनिवारी संध्याकाळी पोरांच्या वेळेत हे लागायचं! त्याच भागात डॉक्टरचा लेस्टरच्या सरदाराशी वाद आहे, डॉक्टर त्याला खाटीक म्हणतो, आणि सरदार उलटून म्हणतो की तुम्ही बोलणारे बोलून दमलात की शेवटी तलवार आम्हालाच उचलावी लागते. डॉक्टर झालेला विल्यम हार्टनेल या वादात इतका पेटतो की संवाद विसरणारा म्हातारा वगैरे त्याच्याबद्दल जे बोललं जातं ते सगळं बाजूला पडतं. आणि त्याच भागात हारून नावाचा माणूस, एल अकीरनी ज्याची बायको आणि मुलगा मारलाय, बार्बराच्या हातात सुरी देतो आणि सांगतो की शिपाई आत आले तर माझ्या पोरीला आणि स्वतःला त्यांच्या हाती लागू देऊ नकोस. हा प्रसंग मी प्रत्येक वेळी श्वास रोखून बघते.

मग एवढं चांगलं काम पुसलं का? आता रागानी बोललं जातं पण तेव्हाचं गणित समजून घ्या. भाग दोन इंची व्हिडिओ टेपवर रेकॉर्ड व्हायचे, टेप महाग होती आणि परत परत वापरता यायची. कलाकारांच्या संघटनेबरोबरच्या करारामुळे पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या, घरी बघायला व्हिडिओ कॅसेट नव्हती, काळं-पांढरं तर लवकरच जुनाट ठरणार होतं. म्हणजे ठेवायचं कशासाठी? टेप पुसली, वर दुसरा कार्यक्रम. मात्र पुसायच्या आधी परदेशात विकायला १६ मिमी फिल्मवर कॉपी काढायचे, मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून. त्या काळातलं आपण आज जे बघतो ते जवळजवळ सगळं या फिल्मवरून आलेलं आहे, पहिल्या सहा वर्षांची मूळ टेप एकही उरलेली नाही. विक्रीचे हक्क संपले की त्या फिल्म पण फेकायला लागले आणि हे १९७८ पर्यंत चालू होतं. एका विभागाला वाटायचं दुसऱ्यानी जपलं असेल, दुसऱ्याला वाटायचं पहिल्यानी. १९७८ ला सू माल्डन जुनं काय जपायचं ते ठरवायच्या कामावर आल्या आणि मग कुठे शोधाशोध सुरू झाली. पहिल्या सहा वर्षांचे एकूण २५३ भाग, आणि २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग परत आले त्यानंतरही गहाळ आकडा ९७ होता.

'द क्रुसेड' चा तिसरा भाग, 'द व्हील ऑफ फॉर्च्यून', बीबीसीकडेच राहिला होता. म्हणजे कित्येक वर्षं लोकांना या कथेचं फक्त मधलं एक पान माहीत होतं, आणि बाकीचं कळायचं ते व्हिटेकरनी स्वतः लिहिलेल्या, १९६६ मध्ये आलेल्या कादंबरीतून. मग जानेवारी १९९९ मध्ये बातमी आली की पहिला भाग, 'द लायन', न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या एका फिल्म संग्राहकाकडे आहे. त्याला आपल्याकडे काय आहे त्याचं मोल माहीतच नव्हतं, तिथल्या दोन चाहत्यांनी ते ओळखलं. प्रिंट चांगलीच ओरखडलेली होती, ती साफ केली, आणि त्याच वर्षी कॅसेट निघाली. त्या कॅसेटसाठी विल्यम रसेल परत इयन झाले, म्हातारा इयन खुर्चीत बसून हरवलेल्या दोन भागांची गोष्ट सांगतो. हेच रसेल पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये खुद्द मालिकेत इयन म्हणून परत आले, ५७ वर्षांनी, आणि जून २०२४ मध्ये ९९ व्या वर्षी गेले.

आवाज वाचला तो मात्र घरोघरच्या लोकांमुळे. साठच्या दशकात काही चाहते टीव्हीपुढे टेप रेकॉर्डर लावून भाग रेकॉर्ड करायचे, कारण परत कधी बघायला मिळणार नाही हे त्यांना माहीत होतं. त्यातूनच आज एकूण एक गहाळ भागाचा आवाज आपल्याकडे आहे. २००४ च्या डीव्हीडी संचात 'द क्रुसेड' चा दुसरा आणि चौथा भाग असेच आवाजात दिलेत.

चौथ्या भागात वाळवंटात एक दरोडेखोर इयनला बांधतो आणि त्याच्या हाताला मध लावतो, मुंग्या येतील म्हणून. क्लोजअपमधला हात रसेलचा नव्हताच, त्यांनी नकार दिला म्हणून निर्मितीतल्या एका सहायकाचा हात वापरला असं सांगतात. तो शॉट आता नाहीये. आवाजात फक्त दरोडेखोराची गोड गोड बडबड ऐकू येते आणि मला वाटतं त्यानी अंगावर जास्त काटा येतो.

पण माझी खरी हळहळ दुसऱ्या भागाची, 'द नाइट ऑफ जाफा' ची (नाइट म्हणजे सरदार, रात्र नव्हे). इयनला रिचर्ड सरदारकी देतो आणि दूत म्हणून सलादीनकडे पाठवतो तो हा भाग. आणि सलादीनच्या महालातल्या एका छोट्या भूमिकेत, शेरा नावाच्या बाईच्या, श्रेयनामावलीत नाव येतं जोहरा सेहगल. होय, त्याच. उदयशंकरांच्या नृत्यपथकातल्या, १९४५ पासून चौदा वर्षं मुंबईत पृथ्वी थिएटर्समध्ये काम केलेल्या, नंतर लंडनला गेलेल्या, आणि आपल्या पिढीला 'चीनी कम' मधली अमिताभची आई म्हणून माहीत असलेल्या. १९६५ ला त्या ५२ वर्षांच्या होत्या. गोऱ्या नटांना रंग फासून पूर्वेकडची माणसं बनवलेल्या त्या महालात एक खरी आपल्याकडची नटी उभी होती, आणि नेमका तोच भाग पुसला गेला.

मी यावेळी तो भाग इअरफोन लावून, खोलीतला दिवा बंद करून ऐकला, आणि बायकांचे आवाज आले की दरवेळी मागे जाऊन परत लावला.