जुन्या मोटारींचा रंग उतरवणे : पद्धतीची निवड

जुनी मोटार मूळ रूपात आणताना रंग, प्रायमर आणि पुट्टीचे थर काढून पत्रा उघडा करावा लागतो. हे काम रसायनाने, घासून, कणांच्या माऱ्याने किंवा टाकीत बुडवून करतात. संपूर्ण गाडीला एकच पद्धत लावणे ही या कामातली सर्वांत महागडी चूक आहे. निवड प्रत्येक भागाचा धातू, जाडी, आकार आणि सांधे पाहून करावी लागते. कारखान्याचा रंग घट्ट असेल आणि खाली गंज नसेल, तर तो न काढता 320 नंबरच्या पेपरने घासून त्यावरच प्रायमर देणे अनेकदा शहाणपणाचे ठरते.

आधी तपासणी करावी. जाडी मोजणाऱ्या मीटरने 1000 मायक्रॉनच्या पुढे आकडा दाखवला, की तिथे पुट्टी आहे असे धरावे. थिनरने भिजवलेल्या फडक्याला रंग लागला, तर तो बहुधा 1920च्या दशकापासून रूढ झालेला नायट्रोसेल्युलोज लॅकर असतो. तो रिमूव्हरने, म्हणजे रंग सोडवणाऱ्या रसायनाने, सहज निघतो. कडक झालेल्या टू-पॅक (हार्डनर मिसळून लावलेल्या) रंगावर थिनरचा परिणाम होत नाही. जुन्या रंगांत शिसे असण्याची शक्यता धरून कोरडे घासणे टाळावे, निदान पी-3 दर्जाचा मास्क आणि हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरावा. सांध्यांवर शिसे-कथिलाचा डाख असेल, तर तिथे यंत्राने घासू नये आणि हीट गनही लावू नये. हा डाख 183 अंश सेल्सिअसपासून मऊ होऊ लागतो.

बॉनेट, टप आणि दरवाजांचे बाहेरचे पत्रे मोठे, सपाट आणि जेमतेम 0.8 ते 1 मिलिमीटर जाड असतात. त्यांच्यावर वाळूचा मारा केला की पत्रा लहरतो. दोष उष्णतेला दिला जातो, पण मुख्य कारण वेगळे आहे: प्रत्येक कण बारीक हातोडीसारखा आदळतो, माऱ्याची बाजू ताणली जाते आणि पत्रा त्या बाजूला फुगतो. ही लहर काढणे गंज काढण्यापेक्षा अवघड. शिवाय सिलिका असलेल्या वाळूच्या धुळीने सिलिकोसिस होतो. अशा पत्र्यांवर रिमूव्हर वापरावा, किंवा 20 ते 40 पीएसआय दाबाने प्लास्टिकचे कण मारावेत. प्लास्टिकचे आणि खाण्याच्या सोड्याचे कण रंग काढतात, गंज मात्र काढत नाहीत. चासी, सस्पेन्शनचे हात अशा जाड भागांना गार्नेट या कठीण खनिजाच्या कणांचा मारा चालतो.

रिमूव्हर लावण्यापूर्वी 80 नंबरच्या पेपरने रंगावर ओरखडे पाडावेत. कडा आणि सांध्यांपासून 25 मिलिमीटरची पट्टी टेप लावून सोडावी. जाड थर एकाच दिशेने द्यावा, पुन्हा ब्रश फिरवू नये. वर प्लास्टिकची फिल्म टाकली की तो लवकर वाळत नाही. रंग सुरकुतला की प्लास्टिकच्या पट्टीने काढावा आणि उरलेल्या ठिकाणी दुसरा हात द्यावा. सोडलेली पट्टी हाताने घासावी. दरवाजाच्या दुमडलेल्या कडेत शिरलेले रसायन धुऊन निघत नाही. काही महिन्यांनी त्याच रेषेवर नवा रंग फोडांसारखा उचलतो. डायक्लोरोमिथेनचे रिमूव्हर जलद असले तरी त्याची वाफ जीवघेणी असते, आणि साध्या काडतुसाच्या मास्कवर तिच्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. बेंझिल अल्कोहोलचे रिमूव्हर सावकाश काम करतात, पण घरगुती कामाला तेच योग्य.

सोड्याने मारा केल्यास सांध्यांत साचलेली पूड नीट धुवावी लागते, नाहीतर प्रायमर पकडत नाही. फायबरग्लासच्या बॉडीला साधा रिमूव्हर लावू नये. तो जेलकोट, म्हणजे फायबरग्लासचा बाहेरचा गुळगुळीत थर, मऊ करतो. तिथे ब्लेड आणि पेपर बरा.

कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत अॅल्युमिनियम आणि जस्ताचे भाग विरघळतात, म्हणून ते आधी काढावेत. टाकीतले द्रावण पेटीसारख्या पोकळ भागांत पोचते, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण तिथला संरक्षक रंगही जातो आणि स्प्रे गन तिथे पोचत नाही. म्हणून बुडवलेल्या बॉडीला विद्युत-लेपनाचा प्रायमर द्यावा, नाहीतर पोकळीत मेण फवारावे.

उघड्या पोलादावर दमट हवेत काही तासांत गंजाचा पिवळसर थर येतो. पत्रा उघड्या हाताने न शिवता ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर द्यावा. खाली आम्लयुक्त एच (etch) प्रायमर, म्हणजे आम्लाने पत्र्याला पकड घेणारा प्रायमर, द्यायचा असेल, तर इपॉक्सीचे तांत्रिक पत्रक आधी वाचावे. अनेक उत्पादकांनी ही जोडी वर्ज्य ठरवली आहे.